श्वासाची लाज कसली?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणींनी ‘मोबाइल : शाप की वरदान’, ‘आजची स्त्री’, ‘माझा आवडता कवी’ असे विषय पटापट वाटून घेतले. माझी वही कोरीच राहिली. त्याच दुपारी ग्रंथालयामागे कुणीतरी वाळलेला पाला पेटवला. धूर खिडकीतून आत शिरला आणि मी नेहमीप्रमाणे पुस्तक मिटले, ओढणी नाकाला लावली, मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन आतून कडी घातली, पर्सच्या चोरकप्प्यातला पंप काढला आणि दोनदा ओढला. बाहेर आले तर वर्गातली एक जण दारातच उभी. “आत काय फुसफुस करत होतीस गं?” तिने विचारले. मी म्हणाले, “काही नाही, अत्तर मारत होते.”

दम्याच्या औषधाला मी अत्तर म्हणाले! संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर या वाक्याची मला इतकी शरम वाटली की लेखाचा विषय तिथेच ठरला.

आमचे घर गुऱ्हाळाचे. गुऱ्हाळ आमच्या मालकीचे नव्हे. वडील दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. कोल्हापूरकडच्या वाचकांना गुळव्या म्हणजे कोण ते सांगायला नको. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ज्याच्या डोळ्याला कळते तो. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की चुलवाणात चिपाडे पेटतात, ती पार उन्हाळ्यापर्यंत. ताज्या गुळाचा वास सर्वांना आवडतो, कवींना तर फारच आवडतो. त्या वासाबरोबर येणाऱ्या धुराबद्दल मात्र कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मला अकराव्या वर्षी दमा आहे असे निदान झाले. आजीचे फुप्फुस त्याआधीच गेलेले होते.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे विजेच्या बिलावरचे, बँकेच्या पासबुकावरचे आणि औषधाच्या पाकिटावरचे वाचायचे काम माझ्याकडे असते. या कामाचा मला अभिमान होता. तो कसा उतरला तेच सांगायचे आहे.

आजीने जन्मात विडी ओढली नाही. मिश्री लावली, तेवढेच व्यसन. पण लग्न होऊन आल्यापासून ती चुलीपुढे बसली. पहाटेचे पाणी, दोन वेळच्या भाकरी, सणावाराचे पुरण, सगळे शेणी-काटक्यांवर. खिडकी नसलेले स्वयंपाकघर. साठीच्या आसपास तिला आडावरून घरापर्यंत येताना तीन वेळा टेकावे लागू लागले. सगळे म्हणत, वय झाले. दम लागणे हे वयाचे लक्षण नसून आजाराचे आहे, हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, ज्याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात, तो चुलीच्या धुराने बायकांनाही होतो, हे तर मला गेल्या दोन वर्षांत कळले. आता घरी गॅसची टाकी आहे. ती चहाला आणि पाहुण्यांना. अंघोळीचे पाणी आजही चुलीवरच तापते, कारण टाकी संपली की भरायला पैसे लागतात आणि काटक्या फुकट मिळतात.

तर आजीचे उपाय सुरू झाले. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देणाऱ्या एका ठिकाणी तिला नेले. रात्रभर जागायचे, तेही उघड्यावर, दवात! दम्याच्या माणसाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पुढे कुणी सांगितले, मृग निघाला की हैदराबादला जिवंत मासा औषध भरून गिळायला देतात, तिकडे न्या. आजी माळकरी. माशाऐवजी गुळातून औषध घेता येते असेही कळले. पण गाडीभाडे जमले नाही आणि ते राहून गेले. शेवटी बाजाराच्या गावातला एक ‘हाताला गुण असलेला’ माणूस मिळाला. त्याच्याकडे पाटी होती, पदवी होती की नाही देव जाणे. कागदाच्या पुडीत तो तीन गोळ्या द्यायचा, एक पिवळी, एक मोठी पांढरी आणि एक अगदी बारीक. नावगाव काही नाही. तिसऱ्या दिवशी आजी आडावर न टेकता जाऊन आली. आईने त्या माणसाला नारळ दिला.

दोन वर्षे पुड्या चालल्या. आजी अंगाने भरली. चेहरा वाटोळा झाला, गालांवर तेज आले. शेजारणी आईला म्हणायच्या, “सासूला चांगलं जपलंस बाई!” आईचे इतके कौतुक तिच्या लग्नातही झाले नसेल. ते भरणे नव्हते, सूज होती. हे सांगणारे कुणी नव्हते. हळूहळू आजीच्या हातावर नुसत्या बांगडीच्या धक्क्याने काळेनिळे डाग उठू लागले. लघवीला वारंवार जाऊ लागली, रक्तात साखर निघाली. पाठीतून वाकली. एकदा घागर उचलताना मणक्यात कळ आली ती सहा आठवडे राहिली.

मी तेव्हा बारावीला होते. माझा एक चुलतभाऊ औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्याने पुडी उघडून पाहिली आणि ती बारीक गोळी बोटावर धरून म्हणाला, “हे स्टेरॉईड आहे.” मी रात्री मोबाइलवर ‘स्टेरॉईड’ हा शब्द घातला. एकामागून एक माणसे ओरडून सांगत होती, हे विष आहे, हाडे ठिसूळ करते, मूत्रपिंडे निकामी करते, आजच बंद करा! मी घरातली शिकलेली. सकाळी उठून मी सगळ्या पुड्या चुलीत घातल्या. आजी म्हणाली, “पोरी, एक तरी ठेव गं, अडीनडीला.” मी ठेवली नाही.

आणि त्याच झटक्यात माझा पंपही बंद केला, कारण माझ्या तपकिरी पंपावर ज्या औषधाचे नाव होते तेही स्टेरॉईडच, हे मोबाइलनेच मला सांगितले. निळा तेवढा ठेवला. त्याने लगेच बरे वाटते.

पाचव्या दिवशी आजी अंथरुणातून उठली नाही. उलट्या, अंग गार, डोळे उघडेनात. रक्तदाब इतका उतरलेला की सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी यंत्र बदलून पुन्हा पाहिला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “आजी कुठल्या गोळ्या घेत होत्या आणि कधी बंद केल्या?” मी अभिमानाने, हो, अभिमानानेच सांगितले, “मीच जाळल्या.”

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. आजीला शिरेतून जे इंजेक्शन दिले ते स्टेरॉईडचेच होते. संध्याकाळी आजीने चहा मागितल्यावर बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवून समजावले. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. ती शरीरासाठी रोज थोडे कॉर्टिसॉल तयार करते. आजारपणात, अपघातात जास्त करते. त्यावाचून रक्तदाब टिकत नाही. बाहेरून तशाच जातीचे औषध महिनोन्‌महिने मिळत राहिले की ग्रंथी स्वतःचे काम थांबवते. बाई म्हणाल्या, “तुमच्या घरी विहीर आहे ना? दोन वर्षं नळाचं पाणी येतंय म्हणून विहीर उपसलीच नाही. झरे गाळाने बुजले. आता नळ एका रात्रीत तोडलात, तर विहीर तुम्हाला पाणी देईल? नळ थोडा थोडा कमी करायचा, म्हणजे झऱ्याला वाट करायला वेळ मिळतो.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. आजीच्या झऱ्यांना अजून पुरती वाट झालेली नाही. ती रोज सकाळी न्याहारीनंतर ५ मिलिग्रॅमची एक गोळी घेते, श्वासासाठी पंप निराळा, आणि तिच्या चंचीत पान-सुपारीशेजारी एक पुठ्ठा आहे. त्यावर माझ्या अक्षरात लिहिले आहे की ही बाई स्टेरॉईड घेते, ते अचानक बंद करू नये.

माझी पाळी डिसेंबरात आली. गुऱ्हाळ जोरात, रात्रीचे धुके, मी निळा पंप दिवसातून आठ-दहा वेळा ओढत होते आणि औषध लागू पडते आहे अशा समजात होते. इथे थोडे शास्त्र सांगते. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते आणि भोवतीचे स्नायू आवळतात. निळा पंप स्नायू सैल करतो, काही मिनिटांत. सुजेला तो हात लावत नाही. सूज उतरवतो तो दुसरा, स्टेरॉईडचा, आणि त्याला परिणाम दाखवायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून लोक म्हणतात, “त्यानं काहीच होत नाही,” आणि नेमका तोच सोडून देतात. मी एकटी नव्हे. नुसत्या निळ्या पंपावर दमा रेटू नका असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ साली स्पष्ट सांगितले, इतकी ही चूक जगभर होती. रात्री दोन वाजता वडिलांनी मला मोटारसायकलवर मधे बसवून, मागे आईला धरायला लावून, दवाखान्यात नेले. एक वाक्य एका दमात बोलता येत नव्हते. त्या रस्त्याबद्दल अधिक लिहिणार नाही.

बरी झाल्यावर मी हिशेब मांडला. माझ्या पंपाच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध. सकाळी एक, रात्री एक, म्हणजे रोजचे ४००. मी पंप तीन महिने बंद ठेवला, म्हणजे ९० दिवसांचे ३६,००० मायक्रोग्रॅम ‘विष’ वाचवले. आणि त्या झटक्यानंतर मला पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅमच्या स्टेरॉईडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पाच दिवसांत दोन लाख! पंपाच्या मापाने पाचशे दिवसांचे औषध मी पाच दिवसांत घेतले. दोन्ही औषधे निरनिराळी आहेत, एकाचे वजन दुसऱ्याच्या तागडीत तंतोतंत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण फरक कुठल्या जातीचा आहे ते कळायला एवढा हिशेब पुरे. पंपाचे औषध जिथे हवे तिथे, श्वासनळीत पडते. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून डोळ्यांपासून हाडांपर्यंत सगळीकडे जाते. पंपाचेही काही तोटे आहेत. चूळ भरली नाही तर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो, मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेतला तर इतरही होऊ शकते. मला एकदा बुरशी आली होती. आता चूळ भरते.

मग हे औषध अमृत की विष? या प्रश्नानेच घोळ होतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली गेली, आणि जिला कूस वळणे कठीण होते ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइशस्टाइन या तिघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. सारे जग म्हणाले, चमत्कार! लवकरच रुग्णांचे चेहरे सुजू लागले, हाडे मोडू लागली, आणि तेच जग घाबरले. फवाऱ्यातून अगदी थोडे औषध थेट छातीत देण्याची युक्ती १९७२ च्या सुमारास बाजारात आली. म्हणजे जगाला जे कळायला पंचवीसेक वर्षे लागली, तोच फेरा आमच्या घराने दोन वर्षांत घेतला, आधी नारळ दिला आणि मग होळी केली. कोरोनातही हेच झाले. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसले की ज्यांना प्राणवायू लावावा लागतो अशा रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉईडने वाचतात, रोज ६ मिलिग्रॅम, ठरावीक दिवस. आणि २०२१ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात किती माणसांनी काळ्या बुरशीने डोळे गमावले! मधुमेह आणि बेहिशेबी स्टेरॉईड, ही त्याची मोठी कारणे होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, जे उघड्यावर असते त्याचा हिशेब ठेवता येतो. आजीच्या पुडीवर नाव नव्हते, म्हणून तिच्या गालांची सूज आम्ही तब्येत समजलो. माझ्या पंपावर नाव होते, मात्रा होती, तारीख होती. आणि नेमके तेच आम्ही लपवले. कागदात बांधलेले औषध आम्ही नारळ देऊन घेतो, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले औषध पर्सच्या तळाशी घालतो. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होता येणार नाही. पुड्या जाळणारी मी बारावीला होते, मला वाचता येत होते.

“पंपाची सवय लागते,” हे वाक्य मी आतापर्यंत शंभरदा तरी ऐकले असेल. नातेवाईक म्हणतात, बसमधले अनोळखी लोक म्हणतात, एकदा शिबिरात श्रमदान करताना माझ्या हातातला पंप पाहून एका मुलाने तर “नशा करतेस काय?” असेही विचारले. सवय म्हणजे काय हो? चष्मेवाल्याला चष्म्याची सवय असते का? पंप सोडला की दम लागतो, कारण दमा तिथेच असतो. पंपाने तो आणलेला नसतो. आजीचे मात्र वेगळे आहे. तिच्या शरीराला खरोखरच गोळीची गरज लागली, आणि ती गरज लावली ती नाव नसलेल्या पुडीने. या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की निष्पाप पंप बदनाम होतो आणि पुडी सहीसलामत सुटते. आजाराच्या आकडेवारीचे जे जागतिक अंदाज आहेत त्यांत म्हटले आहे की जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. हा फरक नुसत्या धुराने पडत नसावा, असे मला वाटते.

मुलींच्या बाबतीत या लपवण्याला आणखी एक पदर आहे. गेल्या मे महिन्यात मला ‘बघायला’ आले होते. (लग्न एवढ्यात करणार नाही हे मी सांगितले होते, पण स्थळ चालून आले की आमच्याकडे मुलीचे म्हणणे गोठ्यात बांधतात.) आत्याने सकाळीच बजावले, “ते फुसफुसं आज बाहेर काढू नगंस.” पोह्यांच्या फोडणीत मिरची करपली आणि मला उबळ आली. मी खरोखरच गोठ्यात गेले आणि म्हशीच्या आडोशाला उभी राहून निळा पंप ओढला. तिथे आजी बसली होती. तिने पाहिले. म्हणाली, “एवढं चोरून श्वास घ्यायला लागणाऱ्या घरात कशाला जातीस?” आजी शाळेत गेलेली नाही. ते स्थळ पुढे पत्रिकेवरून मोडले. दम्याचा प्रश्नच आला नाही. आला असता तर मी काय सांगितले असते, हे मी स्वतःलाही खात्रीने सांगू शकत नाही. अत्तर म्हणाले असते कदाचित.

आता आपल्या महाविद्यालयापुरते थोडे. आमच्या वर्गात सकाळी पहिला तास सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी झाडू मारतात आणि आम्ही सगळे ती धूळ फुप्फुसात घेऊन काव्यशास्त्र शिकतो. पाणी शिंपडून झाडले, किंवा ओल्या फडक्याने पुसले, तर खर्च काय येईल? ग्रंथालयामागचा पाला जाळण्याऐवजी खड्ड्यात घातला तर खत होईल. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मंडळींना विचारावे. आणि तिसरी गोष्ट परीक्षेची. गेल्या सत्रात पर्यवेक्षकांनी सगळ्या पिशव्या बाहेर ठेवायला लावल्या, त्यात माझा पंपही गेला. “काय आहे ते?” असे त्यांनी विचारले होते. मागे चाळीस मुले-मुली रांगेत उभी. मी “काही नाही सर,” म्हणाले. दोष त्यांचा नव्हता. तीन तासांच्या पेपरात शेवटचा प्रश्न मी छाती दाबून लिहिला आणि त्यात सोळापैकी चार गुण मिळाले.

मार्चमध्ये पुन्हा परीक्षा आहे. चिठ्ठी डॉक्टरांकडून आणून ठेवली आहे. तपकिरी पंप सकाळी घरी घेऊन, चूळ भरून येईन. निळा बाकावर ठेवीन, पेनांच्या शेजारी, उजव्या हाताला. ज्यांना विचारायचे असेल त्यांनी विचारावे.